घाव टाकीचे की घणाचे?

२०२४च्या नोव्हेंबरात अमेरिकन पॉप गायिका चेर हिच्या आत्मकथनाचा पहिला भाग बाजारात आला आणि एक जुनाच वाद पुन्हा तापला. वाद असा: पॉप गाणी म्हणणारी बाई पडद्यावर येते आणि थेट सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर घेऊन जाते, हे झालं कसं? एक पक्ष म्हणतो, नावाच्या जोरावर. नाव आधीच गाजलेलं, त्यामुळे दार आपोआप उघडलं. वर्षानुवर्षं ऑडिशन देत फिरणाऱ्या शिकलेल्या नट्या बाहेरच राहिल्या. दुसरा पक्ष लगेच धावून येतो. अहो, तिनं काय काय सोसलंय ते वाचा तरी! बाप व्यसनी, घर सोडून गेलेला. तान्ही असताना काही काळ अनाथाश्रमात. शाळेत जाताना बूट सुटून येऊ नयेत म्हणून त्यांना रबरबँड गुंडाळलेले. जिनं हे सगळं भोगलं तिला अभिनय शिकायची गरजच काय? दुःख तिच्या डोळ्यांतच आहे.

मला पहिल्या पक्षाचा फारसा राग येत नाही. तो निदान उघड भांडतो, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्यही आहे. त्याकडे पुढे येतोच. राग येतो तो दुसऱ्या पक्षाचा, कारण तो कौतुक करता करता त्या बाईची कमाई काढून घेतो. माझं म्हणणं असं: चेर अभिनेत्री झाली ती वीस वर्षं लोकांसमोर उभं राहून केलेल्या कामामुळे. लहानपणीच्या हालांनी तिला फार तर निकड दिली. कसब दिलं नाही. 'सोसलं म्हणून जमलं' ही गोष्ट आपण जितक्या प्रेमानं सांगतो, तितकं ते वीस वर्षांचं काम तिच्याखाली गाडलं जातं.

आपल्याकडे तर या गोष्टीला म्हणीचाच आधार आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. शाळेच्या फळ्यावर, निरोप समारंभात, सत्काराच्या भाषणात ही म्हण आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातल्या टाकीकडे लक्षच जात नाही. टाकी कुणाच्या तरी हातात असते. त्या माणसाला दगडात मूर्ती दिसत असते. कुठे मारायचं, किती जोरानं मारायचं आणि कुठे हात आवरायचा, हे त्याला ठाऊक असतं. लेकराला टाकून जाणारा बाप कोणती मूर्ती डोळ्यांपुढे ठेवून जातो? रिकाम्या डब्याच्या मनात कुठला आराखडा असतो? असले घाव घणाचे. घणाखाली दगडाची मूर्ती होत नाही, खडी होते. एखादा तुकडा योगायोगानं बऱ्या आकाराचा निघतो, आणि आपण तो हातात घेऊन घणाची पूजा मांडतो. चेर ज्या अनाथाश्रमात होती तिथे इतरही तान्ही मुलं होती. त्यांच्या आत्मकथनाचा पहिला भाग कधी येणार आहे?

आता चेरचीच गोष्ट जरा नीट पाहू. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे: ती आधी गायिका होती आणि मग अभिनयात शिरली. क्रम जवळजवळ उलटा आहे. शेरिलिन सार्किशियन, म्हणजेच चेर, १९४६ साली कॅलिफोर्नियातल्या एल सेंट्रो गावात जन्मली. वडील आर्मेनियन वंशाचे, ट्रक चालवायचे. आई जॉर्जिया हिला गाण्याचा आणि नटण्याचा नाद. तिनं टीव्ही मालिकांमधून बारीकसारीक कामं केली, लेकींनाही गर्दीतल्या पोरी म्हणून उभं केलं. लग्नं झाली, मोडली, बिऱ्हाडं बदलली, पैसा कधी आला, बहुतेक वेळा आला नाही. पण त्या घरात सेटवर कसं जातात, कॅमेरा कुठे असतो आणि काम मागायला कुणाकडे जायचं, हे माहीत असलेलं एक माणूस होतं. सोळाव्या वर्षी पोरीनं शाळा सोडली, घर सोडलं आणि लॉस एंजेलिस गाठून अभिनयाच्या वर्गाला जाऊ लागली. पोटासाठी छोट्या क्लबांतून नाचायची. पुढे तिचा नवरा झालेला सनी बोनो तिला भेटला तो १९६२ साली, याच दिवसांत. तो तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा आणि निर्माता फिल स्पेक्टर याच्या हाताखाली काम करणारा. त्याच्या ओळखीनं तिला मागच्या कोरसमध्ये उभं राहायला मिळालं. म्हणजे गाणं आडवाटेनं आलं. हमरस्ता तिच्या लेखी अभिनयाचाच होता.

आईच्या बारीकसारीक कामांचा हा तपशील संघर्षकथेत कुणी घेत नाही, कारण तो घेतला तर कथा पातळ होते. रबरबँडचे बूट हवेत, सेटवर नेणारी आई नको. मला मात्र त्या बुटांपेक्षा या आईचं जास्त कुतूहल वाटतं. गरिबी लाखो मुलांच्या वाट्याला आली. आईच्या बोटाला धरून स्टुडिओचं फाटक ओलांडणं किती जणांच्या?

आता प्रसिद्धीचा मुद्दा. नाव असलं की सिनेमा मिळतो, हे खरं असतं तर चेरला तो सत्तरच्या दशकात मिळायला हवा होता. १९६५ साली सनी आणि चेर यांचं द्वंद्वगीत अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६९ साली सनीनं स्वतः लिहून आणि स्वतःच पैसे उभे करून तिला नायिका केलं. 'चॅस्टिटी' नावाचा तो चित्रपट कोसळला. १९७१ ते १९७४ या काळात सीबीएस वाहिनीवरचा त्यांचा विनोदी कार्यक्रम दर आठवड्याला अमेरिकेच्या दिवाणखान्यांत पोचत होता. तिच्या इतका ओळखीचा चेहरा त्या काळात शोधावाच लागला असता. चित्रपट किती आले? एकही नाही. 'चॅस्टिटी'नंतर पुढच्या कामापर्यंत तेरा वर्षं गेली. नावानं दार उघडलं नाहीच, उलट आतून कडी लागली. झगमगीत, बेंबी दाखवणारे पोशाख घालून नवऱ्याची टर उडवणारी ती बाई, असा एक साचा झाला होता आणि निर्मात्यांना तिच्यात दुसरं काही दिसेना.

या कडीचा आवाज ऐकायचा असेल तर चेरनं स्वतः सांगितलेला एक प्रसंग पुरेसा आहे. १९८३ साली 'सिल्कवुड' येणार होता. दिग्दर्शक माईक निकोल्स, नायिका मेरिल स्ट्रीप. चेर बहिणीला घेऊन चित्रपटगृहात त्याची झलक पाहायला गेली. पडद्यावर मेरिल स्ट्रीपचं नाव आलं, कर्ट रसेलचं आलं. मग चेरचं नाव आलं आणि अख्खं थिएटर हसलं. अंधारात बसून आपल्या नावावर शेकडो अनोळखी माणसं हसताना ऐकणं कसं असतं, ते तिलाच ठाऊक. पण ज्यांना वाटतं की प्रसिद्धी हा अभिनयातला फुकटचा पास आहे, त्यांनी हे हसू विसरू नये. त्या भूमिकेसाठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं ही नंतरची गोष्ट.

मग ती निकोल्सपर्यंत पोचली कशी? १९८२ साली, पस्तिशी गाठलेली, लास वेगासमधल्या भरघोस कमाईचे कार्यक्रम बाजूला ठेवून ती अभिनय शिकायच्या इराद्यानं न्यूयॉर्कला आली. तिथे रॉबर्ट ऑल्टमन ब्रॉडवेवर एक नाटक बसवत होता. तिनं ऑडिशन दिली, काम मिळालं, नाटक जेमतेम दोन महिने चाललं. समीक्षकांनी नाटकाला झोडपलं. पण निकोल्स एका प्रयोगाला येऊन बसला होता आणि त्यानं तिला भूमिका देऊ केली. बालपण ऐकून त्यानं तिला घेतलं नाही. रंगमंचावर, इतर नटांच्या शेजारी, रोज नव्यानं उभं राहताना पाहून घेतलं. 'सिल्कवुड'मधली डॉली अणुइंधनाच्या कारखान्यातली कामगार, ढगळ कपडे, मेकअपचा पत्ता नाही. पिसं आणि टिकल्या काढून घेतल्यावर उरलेल्या बाईला काय येतं, हे पाहायचं धाडस एका दिग्दर्शकानं केलं, इतकंच.

आणि तिला काय येत होतं? इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण या वादात नेमकं हेच कुणी बोलत नाही. साठच्या दशकाच्या शेवटी सनी-चेरची गाणी चालेनाशी झाली तेव्हा ते नाइट क्लबांतून कार्यक्रम करू लागले. समोर जेवणारी, पिणारी माणसं. अर्ध्यांचं लक्ष नाही, उरलेली टोमणे मारतायत. चेर मुळात रंगमंचाला घाबरणारी; सुरुवातीला तिला एकटीनं गायला उभं राहायचंच नसायचं. एका रात्री तिनं टोमणे मारणाऱ्यांना उलट टोला दिला. सनी तिला रागावला, तर तिनं त्यालाही एक ठेवून दिला. लोक हसले. मग तोच त्यांचा कार्यक्रम झाला: तो बडबडणार, ती चेहऱ्यावरची रेषही न हलवता एक वाक्य टाकणार. टीव्हीवर हाच मसाला गेला आणि त्याला दर आठवड्याची नाटुकली जोडली गेली. कधी इतिहासातल्या बदनाम बायका, कधी लाँड्रीत कपडे धुता धुता बडबडणारी लव्हर्न. तीन वर्षं, दर आठवड्याला नवा संवाद, नवी सोंगं, समोर जिवंत प्रेक्षक. वाक्य अर्धा क्षण उशिरा टाकलं तर हशा जातो आणि अर्धा क्षण लवकर टाकलं तरी जातो, हे कुठल्या अभिनय शाळेत इतक्या स्वस्तात शिकवतात?

त्या शिकण्याचं फळ पाहायचं तर 'मूनस्ट्रक'मधला थोबाडीत मारण्याचा प्रसंग पाहावा. मी तो किती वेळा पाहिला त्याची मोजदाद नाही. लोरेटा ही ब्रुकलिनमधली विधवा, दुकानांचे हिशेब लिहिणारी, सदतीस वर्षांची. जिच्याशी आपल्या भावाचं लग्न ठरलंय तिच्याच प्रेमात पडलेला रॉनी सकाळी तिला सांगतो की माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती एक थोबाडीत देते. थांबते. त्याच्या चेहऱ्याकडे पाहते. औषध लागू पडलंय का हे बघणाऱ्या नर्ससारखं. लागू पडलेलं नसतं. मग दुसरी देते आणि त्याला भानावर यायला सांगते. सगळी गंमत त्या दोन चापट्यांमधल्या थांबण्यात आहे. ते थांबणं कुठून आलं? रबरबँडच्या बुटांतून? ते आलं नाइट क्लबमधल्या त्या दारुड्यांकडून, ज्यांनी तिला नेमकं किती थांबायचं ते शिकवलं. तसंच दुसरं दृश्य: ऑपेरा पाहून रात्र बाहेर काढलेली लोरेटा सकाळी घरी चाललीय, आदल्या रात्रीचे उंची कपडे अजून अंगावर आहेत, आणि रस्त्यावरचा एक डबा ती पायानं ढकलत, लाथाडत नेतेय. एक शब्द नाही. पाठमोरी असली तरी कळतं की या बाईचं वय एका रात्रीत वीस वर्षांनी उतरलंय. गायिकेला अंग ठाऊक असतं. कुठल्या मात्रेवर पाऊल पडायला हवं ते ठाऊक असतं. याच भूमिकेसाठी ११ एप्रिल १९८८ रोजी तिला ऑस्कर मिळालं त्या वर्षी तिच्या समोर ग्लेन क्लोज होती, हॉली हंटर होती आणि स्वतः मेरिल स्ट्रीप होती. सहानुभूतीची मतं मोजून ही यादी पार होत नाही.

आता दुसऱ्या पक्षाचा सगळ्यात जोरकस मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. अस्थिर घरात वाढलेलं मूल चेहरे वाचायला शिकतं. दार कसं वाजलं यावरून आज घरात काय होणार ते त्याला कळतं. कुणाचा आवाज कधी चढेल याचा अंदाज घेत जगणं ही एक प्रकारची तालीमच आहे, आणि नटाला ती उपयोगी पडते हे मला मान्य आहे. चेरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. तिला वाचनदोष होता, डिस्लेक्सिया. तो असल्याचं तिला कळलं तिशीच्या आसपास, तेही स्वतःच्या मुलाच्या तपासणीच्या निमित्तानं. शाळेत जवळजवळ सगळं आपण ऐकून शिकलो, असं तिनं सांगितलं आहे. ऐकणं हा गाण्याचा पाया आणि अभिनयाचाही. समोरच्याचं न ऐकता आपलं वाक्य म्हणणारा नट ताबडतोब ओळखू येतो. म्हणजे अडचणीतून काहीच मिळत नाही असं मी म्हणत नाही.

पण जे मिळालं ते अडचणीनं दिलं, की अडचणीला वळसा घालताना तिनं स्वतः कमावलं? वाचता न येणाऱ्या मुलांच्या शाळा सुटतात, बहुतेकांच्या कायमच्या सुटतात. चेरचीही सुटलीच. ऐकून शिकायची युक्ती तिची होती. आपण श्रेय मात्र वाचनदोषाला देतो. भिंतीवर चढून पलीकडे गेलेल्या माणसाचं कौतुक करताना भिंत बांधणाऱ्याचे आभार मानण्यातला हा प्रकार आहे. आणि चेहरे वाचणाऱ्या मुलांचं म्हणाल तर त्यातली बहुतेक मोठेपणीही चेहरेच वाचत राहतात, वरिष्ठांचे, नवऱ्याचे, बायकोचे, आणि रात्री झोपत नाहीत. त्यांच्या त्या तालमीला रंगमंच मिळत नाही.

दुःखातून नट घडत असता तर गायक एल्व्हिस प्रेस्ली मोठा नट व्हायला हवा होता. तुपेलोमधलं दोन खोल्यांचं घर, जुळा भाऊ जन्मतःच मेलेला, बाप चेकमध्ये फेरफार केल्याबद्दल १९३८ साली पार्चमनच्या तुरुंगात. आणि हौस? नट जेम्स डीनचे संवाद त्याला तोंडपाठ होते. प्रसिद्धी तर चेरहूनही मोठी. १९५८ साली मायकल कर्टिझसारख्या दिग्दर्शकानं त्याच्याकडून 'किंग क्रिओल' करून घेतला तेव्हा पोरात काहीतरी आहे हे समीक्षकांनाही मानावं लागलं. पुढे काय झालं? सैन्यातून परतल्यावर केलेल्या कमी गाण्यांच्या चित्रपटांपेक्षा 'ब्लू हवाई'नं जास्त गल्ला जमवला, आणि त्याचा व्यवस्थापक कर्नल पार्कर यानं हिशेब मांडला: समुद्रकिनारा, पोरी, डझनभर गाणी, वर्षाला तीन चित्रपट. एकूण ३१ चित्रपट झाले, आणि त्यांतले किती आज कुणी नट पाहायला म्हणून लावतो? दुःख होतं, नाव होतं, हौस होती. नव्हतं ते काम निवडण्याचं स्वातंत्र्य, आणि आपल्यात नट पाहणारा दिग्दर्शक पुन्हा भेटण्याचं नशीब. पॉप गायिका मडोना पाच वर्षांची असताना तिची आई गेली. आईवेगळेपणाहून मोठं दुःख कोणतं? तिची पडद्यावरची कारकीर्द मात्र, 'एविटा'सारखा एखादा अपवाद सोडला तर, समीक्षकांच्या थट्टेचा विषय राहिली.

आणि आपल्याला इतक्या लांब जायची तरी काय गरज? १९४२च्या एप्रिलमध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. पाठीवर चार भावंडं. मास्टर विनायकांच्या आधारानं त्या चित्रपटांत छोटी छोटी कामं करू लागल्या आणि काही वर्षं करत राहिल्या. म्हणजे आपल्या सिद्धांताला हवा तो सगळा मालमसाला तिथे हजर होता: हरपलेलं छत्र, अंगावर पडलेलं घर, समोर कॅमेरा. पण तोंडाला रंग लावणं, दिव्यांखाली उभं राहून सांगितल्यावर हसणं-रडणं त्यांना मनापासून नकोसं होतं, हे त्यांनी अनेकदा सांगितलं आहे. संधी मिळताच त्यांनी अभिनय सोडला तो कायमचा. तेच दुःख, तोच कॅमेरा, निष्पत्ती उलटी. गळ्याचं म्हणाल तर तो वडिलांच्या तालमीचा आणि नंतरच्या रियाजाचा; वडिलांच्या मृत्यूनं तो दिला असं म्हणायला कुणाची जीभ रेटणार नाही. मग चेरच्या बाबतीत ती इतक्या सहज का रेटते?

एक गंमत अशी की 'गायकानं अभिनय का करावा' हा प्रश्न मराठी माणसाला तर पडायलाच नको. १८८० साली किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं तेव्हापासून कित्येक दशकं आपल्याकडे गायक आणि नट हे एकच माणूस असायचं. भाऊराव कोल्हटकर, केशवराव भोसले, बालगंधर्व. पदाला वन्समोअर मिळाला की नाटक थांबायचं, आणि 'हा नट की गवई' अशी कुरकूर तेव्हाही व्हायची. पण गळा असलेल्याला रंगमंचावर यायची मुभाच नाही, असं कुणी म्हटलं नाही. पुढे पार्श्वगायन आलं, आवाज एकाचा आणि ओठ दुसऱ्याचे झाले, आणि दोन पिढ्यांत आपल्याला ही फारकत नैसर्गिक वाटू लागली.

आता पहिल्या पक्षाकडे. त्यांचं दुखणं खरं आहे. नाटकशाळेतून बाहेर पडलेली, रात्री हॉटेलात ताटं उचलून दिवसा ऑडिशनला जाणारी एखादी नटी असते. तिच्या वाट्याची भूमिका एका गायकाला मिळते, कारण त्याचे चाहते तिकिटं काढतील. हा अन्याय आहे, आणि 'शेवटी गुणवत्ताच टिकते' असल्या वाक्यानं तो झाकला जात नाही. गुणवत्ता टिकते ती आधी आत घेतलेल्यांतली. पण यात गुन्हेगार कोण? भूमिका वाटणारा निर्माता चाहत्यांची डोकी मोजतो, हा गायकाचा अपराध कसा? शिवाय शिकलेली ती नटी आणि ही चेर यांच्यात वाटतं तितकं अंतर नाही. वर्ग केले, ऑडिशन दिल्या, नकार घेतले, पस्तिशीला पुन्हा पायरीवर जाऊन उभी राहिली. या दोघींना एकमेकींविरुद्ध उभं करून भांडण बघत बसणारा तिसराच असतो.

त्या तिसऱ्याबद्दल थोडं. होरपळलेल्या बालपणाची कथा बाजारात इतकी का चालते? मला वाटतं, तिच्यात खलनायक सापडत नाही म्हणून. गरिबी होती, बाप गेला, नशीब. ऐकणारा हळहळतो आणि कुणालाच काही विचारावं लागत नाही. चेरच्या आयुष्यात आणखी एक हाल झाले, तिच्या ऐन भरभराटीच्या काळात. तिच्या नावानं एक कंपनी काढली होती, चेर एंटरप्रायझेस. तिच्यात ९५ टक्के मालकी सनीची आणि ५ टक्के वकिलाची होती. चेर ही तिथली नोकर. देशभर गाजणाऱ्या कार्यक्रमाची नायिका स्वतःच्याच नावाच्या कंपनीत पगारी होती, आणि हे तिला कळलं १९७४च्या सुमाराला. घटस्फोटाच्या अर्जात तिनं जो आरोप केला त्याला मराठीत एकच शब्द आहे: वेठबिगारी. प्रेरणादायी गोष्टींत हा प्रसंग किती वेळा येतो? रबरबँडचे बूट दहा वेळा येतात. करारपत्र एकदाही नाही. कारण करारपत्रावर सह्या असतात, टक्केवारी असते, आणि तसल्याच कागदांवर आजही विशी-बाविशीची पोरं सह्या करत असतात. बालपणीच्या हालांवर उसासा टाकणं फुकट आहे. कागदाबद्दल बोललं की कुणाला तरी उत्तर द्यावं लागतं.

'पण अशा गोष्टींनी गरीब मुलांना उभारी मिळते ना?' हा शेवटचा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो. मिळते, थोडी मिळते. चेरनं ते बूट सांगावेत, तो तिचा हक्कच आहे. प्रश्न आपण त्यातून काय पुढे पोचवतो हा आहे. मुलाला सांगायचं काय, तुझे बूट फाटकेत म्हणजे तुझं भलं होणार? मग बूट धड असलेल्या पोरानं कलेचा नाद सोडायचा का? आणि ज्याचे फाटकेच राहिले त्यानं असं समजायचं की आपलं दुःखच हलक्या प्रतीचं होतं?

त्याऐवजी मी त्या मुलाला चेरच्याच लहानपणातली दुसरी एक हकीकत सांगेन, जी या वादात मला अजून कुणाच्या तोंडी भेटलेली नाही. पाचवीत असताना तिनं वर्गातल्या मुली गोळा करून एक संगीत नाटक बसवलं, 'ओक्लाहोमा!'. मोठ्यांचं, ब्रॉडवेवर गाजलेलं. नाच बसवले, कोण कुठून येणार ते ठरवलं. पुरुषांच्या भूमिका करायला मुलगे मिळेनात. मग आवाज तसा खालचाच होता म्हणून पुरुषांची गाणीही तिनंच म्हटली. शिक्षक आणि वर्गातली मुलं समोर बसली होती. तेव्हा तिच्या पायांत कोणते बूट होते, ते मला माहीत नाही.